रात्रीचे गाणे आणि दहाचा ठोका



सायंकाळची जेवणे लवकर आटोपून, अंगावर शाल घेऊन, मंडळींसह गाणे ऐकावयास बाहेर पडणे हा आपल्याकडील शहरवासी कुटुंबांचा फार जुना शौक आहे. पुण्यासारख्या शहरात तो आजही टिकून आहे. नव्हे, वाढला आहे. सभागृहे वाढली, उत्सव वाढले, तिकिटे महाग होऊनही संपू लागली. असे असता मी आज आपणांपुढे जो प्रश्न ठेवणार आहे तो काहींस चमत्कारिक वाटेल. रात्री गाणे ऐकावयास गेलेल्या माणसाला आज रात्रीचे गाणे कितपत ऐकावयास मिळते? हा शब्दच्छल नव्हे. रात्री गायिलेले गाणे निराळे आणि रात्रीचे म्हणून आपल्या संगीतात मानलेले गाणे निराळे. पहिले विपुल आहे. दुसरे उघड्या मंडपातून जवळजवळ दिसेनासे झाले आहे, आणि त्याचे कारण गवयांची अनास्था नसून घड्याळातील दहाचा ठोका हे आहे.

प्रथम जुनी रात्र कशी असे ते पाहू. १८८० साली ३१ ऑक्टोबर रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून पुढील सुमारे पन्नास वर्षे मराठी माणसाचे रात्रीचे गाणे मुख्यतः नाटकगृहात झाले. रात्रीची जेवणे झाल्यावर पडदा वर जाई. एकेका पदाला ‘वन्स मोअर’चा पुकारा होई, नट तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा म्हणे, आणि अशा रीतीने पाच अंक संपेपर्यंत पहाट होई. नाटक पाहून परतणाऱ्या मंडळींना वाटेत दूधवाले भेटत असे आमच्या वडिलांच्या पिढीतील लोक सांगत, त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. खाजगी बैठकीचेही मान असेच असे. आधी शिकाऊ शिष्य तंबोरे जुळवून थोडेसे गाई, मग मधल्या फळीतील गवई, आणि मुख्य बुवा बैठकीस बसत तोवर रात्रीचा दुसरा प्रहर उलटून गेलेला असे. बुवांना घाई नसे, श्रोत्यांनाही नसे. एका विलंबित ख्यालाला तास सव्वा तास लागला तर तो मोठा लागला असे कोणी म्हणत नसे. शेवटी भैरवी होई तेव्हा खिडकीतून उजेड आलेला असे, आणि म्हणूनच ती भैरवी शोभे.

आता ‘प्रहर’ हा शब्द आला आहे तर त्याचा थोडा उलगडा केला पाहिजे, कारण सारा विषय त्यावर उभा आहे. दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर. प्रत्येक प्रहर तीन तासांचा. हिंदुस्थानी पद्धतीत बहुतेक रागांस यांपैकी एखादी वेळ ठरवून दिलेली आहे. ही व्यवस्था नुसती तोंडपाठ करावयाची यादी नाही, तिच्यात एक क्रम आहे, हे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दाखवून दिले. तो क्रम थोडक्यात असा. सूर्य मावळण्याच्या सुमारास जे राग येतात त्यांत ऋषभ कोमल आणि गांधार शुद्ध असतो: मारवा, पूर्वी, श्री, पूरियाधनाश्री. यांना संधिप्रकाश राग म्हणतात. अंधार पडला की ऋषभ आणि धैवत शुद्ध होतात. यमन, भूप, केदार, हमीर, बिहाग ही मंडळी येतात. रात्र चढत जाते तसा गांधार कोमल होतो आणि बागेश्री, दरबारी कानडा, अडाणा, मालकंस यांचे राज्य सुरू होते. पहाट जवळ आली की पुन्हा ऋषभ कोमल: सोहनी, परज, ललत. मग सूर्योदय, आणि तेच चक्र दिवसाच्या बाजूने पुन्हा फिरू लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर जयजयवंती उभा आहे. तो दोन्ही गांधार घेतो. म्हणजे एक पाय या खोलीत आणि एक पाय त्या खोलीत. अशा रागास भातखंड्यांनी परमेलप्रवेशक, म्हणजे दुसऱ्या मेळात प्रवेश करून देणारा, असे नाव दिले आहे.

वेळेच्या या नियमाला सृष्टीत काही आधार आहे की ती केवळ जुनी सवय आहे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. दक्षिणेकडील कर्नाटक पद्धतीत वेळेचे बंधन असे काटेकोरपणे पाळले जात नाही, आणि म्हणून तिकडील गाणे कमी प्रतीचे ठरत नाही. मी स्वतः या वादात पडू इच्छित नाही. सवय म्हटली तरी शेकडो वर्षांची सवय ही गाण्याचाच एक भाग होऊन बसते. दरबारीचा तो मंद्रात आंदोलन घेणारा गांधार दुपारी दोन वाजता ऐकून पाहावा; स्वर तेच असतात, पण घरात परका माणूस आल्यासारखे वाटते.

पुण्यातील रात्रीच्या गाण्याचे मोठे उदाहरण म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. ते १९५२ साली वारले, आणि पुढील वर्षापासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. गुरुभगिनी गंगूबाई हनगल आणि गुरुबंधू फिरोज दस्तूर वर्षानुवर्षे त्यात गात आले. रात्रभर गाणे चाले. पुढे गर्दी वाढली तशी शाळांची पटांगणे लागू लागली; रेणुकास्वरूप शाळेचे पटांगण आणि नंतर रमणबाग ही नावे पुणेकरांच्या तोंडी बसली. डिसेंबरातील थंडीत लोक सतरंज्या, कांबळी, चहाचे थर्मास घेऊन येत. लहान मुले मधल्या गायनातच झोपी जात आणि पहाटे त्यांना खांद्यावर टाकून घरी न्यावे लागे. अर्धवट झोपेत कानी पडलेला मालकंस त्यांतील कित्येकांच्या जन्मभर लक्षात राहिला. माझ्या वर्गात अशी दोन मुले होती, दुसऱ्या दिवशी बाकावर पेंगत, आणि मी त्यांना बोलत नसे. उत्सवाच्या शेवटी भीमसेनजी गात आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या आवाजातील भैरवीची ध्वनिमुद्रिका लावली जाई. भीमसेनजी २०११ साली निवर्तले. तेव्हापासून उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव जोडले गेले आहे.

आज हा उत्सव मुकुंदनगरातील क्रीडासंकुलात होतो. दिवस वाढले आहेत, पण रात्री गेल्या आहेत. गाणे दुपारी सुरू होते आणि बहुतेक दिवशी रात्री दहाला थांबते. एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळाली तर ती बातमी ठरते.

हे घडले कसे? १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम देशभर लागू झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ त्यांत रात्र म्हणून धरली आहे आणि त्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास मनाई केली आहे. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या लोकांपुरता आवाज ठेवून, तो वापरता येतो. २००२ साली एक सवलत जोडण्यात आली: सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवप्रसंगी राज्य सरकारने वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा रात्री बारापर्यंत वाढवावी. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमांवर आपली मोहर उठविली, आणि २०१० सालच्या दुरुस्तीने रात्रीच्या मनाईत ध्वनिवर्धकाबरोबर वाद्येही आली. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हा फरक दहाचा दिसतो म्हणून किरकोळ समजू नये. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नव्हे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दसपट होते. म्हणजे दिवसा चालणाऱ्या आवाजाचा एक दशांशच रात्री चालतो.

या नियमांवर रसिकांनी बोटे मोडलेली मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा तो २००५ सालचा निर्णय आला, त्याच्या मुळाशी एका तेरा वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार होता. तिने मदतीसाठी हाका मारल्या, पण आसपास लावलेल्या गाण्यांच्या गोंगाटात त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. हे ज्याने एकदा वाचले त्याला दहाच्या नियमाची थट्टा करवत नाही. शिवाय आजारी माणूस आहे, पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार आहे, परीक्षेचा विद्यार्थी आहे. यांची झोप ही आपल्या दरबारीपेक्षा हलकी वस्तू आहे असे म्हणण्याचे धाडस मला तरी होत नाही.

आणि इथेच या प्रश्नातील खरी अडचण आहे. रात्री गाणे रंगते ते का? रस्त्यावरील वर्दळ थांबलेली असते, भोवतालचा आवाज उतरलेला असतो, म्हणून तंबोऱ्याच्या तारेतून निघणारा बारीक गांधारही कानाला लागतो. गवयाला आवाज चढवावा लागत नाही. दुसरे असे की स्वच्छ रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, आणि वर जाणारा ध्वनी आकाशात निघून न जाता पुन्हा खाली वाकतो. त्यामुळे रात्रीचा आवाज दिवसापेक्षा फार लांबवर पोहोचतो; दूरच्या आगगाडीची शिट्टी रात्रीच का ऐकू येते याचेही कारण हेच. म्हणजे ज्या शांततेमुळे गाणे गोड लागते, तिच्यामुळेच ते चार गल्ल्यांपलीकडील माणसाची झोप मोडते. गवई आणि शेजारी दोघांनाही एकच वस्तू हवी आहे, आणि ती एका वेळी एकालाच मिळू शकते.

पूर्वी हा तंटा उद्‌भवत नसे, कारण पूर्वी ध्वनिवर्धक नव्हता. बैठकीतील पन्नास शंभर माणसांपुरता आवाज भिंतीच्या आत राही. नाटकातील नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकीत, त्यासाठी उंच पट्टीत गात. पण तोही आवाज माणसाच्या गळ्याचाच होता. ध्वनिवर्धक आला आणि एका मंडपात हजारो श्रोते बसू लागले. ज्याला बैठकीचे आमंत्रण जन्मात आले नसते त्या कारकुनाला, शिक्षकाला, गिरणीकामगाराला थोर गवई समोर बसून ऐकता आले. हे उपकार लहान नाहीत. परंतु ज्या यंत्राने हजारोंची रात्र शक्य केली, त्यानेच पुढे ती रात्र अशक्य करून टाकली. त्यातही दोष तंबोऱ्याचा थोडाच होता! नियम करावे लागले ते मिरवणुकीतील कर्ण्यांच्या भिंतींमुळे, फटाक्यांमुळे, लग्नाच्या वरातींमुळे. पण सुक्याबरोबर ओलेही जळते. कोजागिरीच्या रात्री गच्चीवर जमणारी मसाला दुधाची आणि गाण्याची मंडळीही आता पावणेदहाला घड्याळाकडे पाहू लागतात, चंद्र माथ्यावर येण्याच्या आधीच. तंबूतील तमाशाचे हाल तर याहून वाईट. ज्याचा वगच रात्री रंगावयाचा, त्याला दहाला पडदा पाडा म्हणणे म्हणजे काय, ते फडमालकालाच ठाऊक. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे. हा नियम आपल्याच संगीतावर रोखलेला आहे, असा जो एक ग्रह दिसतो तोही खरा नाही. २०१० साली पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ नावाच्या पाश्चात्त्य धर्तीच्या संगीतमेळ्याला, तो मोकळ्या मैदानात होत असल्यामुळे, दहाचेच बंधन. कोरेगाव पार्काकडील उपाहारगृहांतून उशिरापर्यंत जी गिटारे वाजतात ती बंद दारांआड वाजतात, म्हणून वाजतात.

रागांचे यात काय झाले, ते आता पाहता येईल. रात्रीचे चार प्रहर संध्याकाळी सहापासून मोजले तर दहापर्यंत एक प्रहर आणि वर एक तास एवढाच भाग हाती लागतो. म्हणजे यमन आला, केदार आला, बिहागही आला. जयजयवंतीच्या उंबरठ्यापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच संयोजक पडद्याआडून खूण करू लागतात. पलीकडची सारी खोली कुलूपबंद. शेवटचे, म्हणजे सर्वांत ज्येष्ठ गवयाचे, गाणे साडेआठाच्या सुमारास सुरू होते. त्याने वेळेचा नियम पाळावयाचा तर त्याला पहिल्या दुसऱ्या प्रहरातच घुटमळावे लागते. काही गवई नऊ वाजताच मालकंस धरतात. त्यांना दोष कसा द्यावा? पण अडाणा, सोहनी, परज यांना अशीही सोय नाही. उघड्या मंडपातील जाहीर मैफलीत ललत त्याच्या वेळी ऐकिलेला श्रोता आता पन्नाशीच्या पुढचाच सापडेल. विद्यार्थी हे राग वर्गात शिकतो, परीक्षेत गातो, पण भरल्या श्रोतृवृंदापुढे, त्या वेळेच्या अंधारात, ते कसे फुलवावयाचे हे पाहण्याची संधीच त्याला मिळत नाही. आणि गाणे हे पाहून पाहूनच येते.

न्यायाने बोलावयाचे तर जमेची बाजूही सांगितली पाहिजे. रात्रभराच्या मैफलीत दुपारच्या रागांना कधीच जागा नव्हती. आता उत्सव तीन चार वाजता सुरू होत असल्याने मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती यांना हक्काची वेळ मिळाली. डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्या क्षणी मंडपात बसून मारवा ऐकणे हा जो अनुभव आहे, तो आमच्या वडिलांच्या पिढीला जाहीर मैफलीत क्वचितच लाभला असेल. तेव्हा रसिकहो, कचेरीतून येऊन, कपडे बदलून, साडेसातला मंडपात शिरणाऱ्यांनी मोठेच काही गमावलेले असते. आता मोठ्या गवयासाठी उशिरा जाण्यापेक्षा मोठ्या वेळेसाठी लवकर जाणे अधिक फायद्याचे आहे.

दुसरी जमा म्हणजे पहाट. नियमाची रात्र सहाला संपते, आणि सहाला नोव्हेंबरात अजून पुरते उजाडलेले नसते. दिवाळी पहाट म्हणून जे कार्यक्रम मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांतून होतात त्यांत भटियार, भैरव, अहिरभैरव पुन्हा लोकांच्या कानी पडू लागले. यांतील पुष्कळ कार्यक्रम भावगीते आणि नाट्यपदे यांच्याच वळणाने जातात, हे मला काहीसे खटकते. एवढ्या पहाटे उठून, अभ्यंगस्नान करून, रेशमी वस्त्रे नेसून आलेल्या माणसाला अर्धा तास निखळ भैरव ऐकविला तर तो उठून जाणार नाही. परंतु रिवाज पडला आहे ही गोष्ट चांगली.

उरला मधला काळ, रात्री दहापासून पहाटे सहापर्यंतचा. तो नियमाने पूर्णपणे बंद केलेला नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बंदिस्त सभागृहाचे दार उघडे आहे. पुण्यात १९६८ साली उघडलेले बालगंधर्व रंगमंदिर आहे. टिळक स्मारक मंदिर आहे. कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. अडते ते कायद्यापाशी नव्हे, तर सभागृहाच्या वेळापत्रकापाशी, तेथील नोकरवर्गाच्या पाळीपाशी, आणि श्रोत्यांच्या परतीच्या वाहनापाशी. वर्षातून एक रात्र, एखाद्या संस्थेने सभागृह दहा ते पहाटेपर्यंत घेतले, तिकिटातच चहा आणि परतीच्या बसची सोय केली, आणि गवयांना सांगितले की बुवा, आज दरबारी, अडाणा, सोहनी, ललत याच क्रमाने जाऊ, तर खर्च निघणार नाही असे मला वाटत नाही. शनिवारची रात्र धरावी म्हणजे रविवारी झोपेची भरपाई होते.

आणि ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी घरची बैठक आहे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापिलेला भारत गायन समाज किंवा विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली स्थापिलेले पुण्याचे गांधर्व महाविद्यालय, अशा संस्थांतून शिकून तयार झालेले तरुण गायक पुण्यात आजही आहेत, आणि पुढे पंधरा जाणकार बसले तर ध्वनिवर्धकावाचून गाण्याचा त्यांना आनंदच वाटतो. दिवाणखाना मोकळा करावा. सतरंज्या अंथराव्या, जाड पडदे ओढावे, खिडक्या लावून घ्याव्या. वरच्या आणि खालच्या मजल्यावरील मंडळींना आधी सांगावे, सांगण्यापेक्षा बोलावावे. तबल्याला जरा हलक्या हाताचा साथीदार पाहावा, कारण भिंतीतून पलीकडे जातो तो गळ्याचा आवाज नव्हे, डग्ग्याचा घुमारा होय. गायकाला मानधन पाकिटात घालून गाण्याआधी द्यावे, आणि घड्याळ दुसऱ्या खोलीत न्यावे. साडेअकराच्या सुमारास तंबोरे पुन्हा एकदा जुळवून घेण्यास सांगावे, कारण तोवर तारा हललेल्या असतात, आणि मग दरबारीची विनंती करावी.